ऐकणाऱ्यांचा इतिहास

'कमिंग आऊट'ला मराठीत धड शब्द नाही. वर्तमानपत्रं 'जाहीर कबुली' असं लिहितात, म्हणजे जणू काही गुन्हाच केला होता. कोणी 'कपाटातून बाहेर येणं' असं शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आजीचं गोदरेजचं कपाट उभं राहतं. आम्ही आपापसांत बोलताना यातलं काहीच वापरत नाही. नवीन ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक प्रश्न येतो : "घरी सांगितलंयस?"

मला हा प्रश्न आवडतो, कारण त्यातलं क्रियापद प्रामाणिक आहे. बाहेर एकट्याला येता येतं. सांगायला मात्र समोर कोणीतरी लागतं.

गंमत म्हणजे इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थही याच्या जवळचा होता. इतिहासकार जॉर्ज चॉन्सी यांनी १९९४ साली 'गे न्यूयॉर्क' हे पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या न्यूयॉर्कमध्ये गे पुरुष 'कमिंग आऊट' हा शब्द कसा वापरत, ते त्यात सांगितलं आहे. श्रीमंत घरांतल्या वयात आलेल्या मुलींना नाचाच्या समारंभात समाजापुढे 'आणलं' जाई, त्यालाच तिकडे 'कमिंग आऊट' म्हणत. गे पुरुषांनी तो शब्द थट्टेनं उचलला. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ होता आपल्यासारख्या माणसांच्या जगात पहिल्यांदा दाखल होणं. कपाट नंतर आलं, साठच्या दशकात. सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन चळवळीनं त्याला राजकीय धार दिली : घरी सांगा, ऑफिसात सांगा, शेजाऱ्यांना सांगा, म्हणजे आपण किती आहोत ते दिसेल. तेव्हापासून सगळा प्रकाश बोलणाऱ्यावर पडला आणि ऐकणारा अंधारात गेला.

आपल्याकडच्या चळवळीचा इतिहासही बहुतेक वेळा बोलणाऱ्यांच्या बाजूनं सांगितला जातो. पहिली मुलाखत, पहिला मोर्चा, पहिली याचिका. मला तो ऐकणाऱ्यांच्या बाजूनं वाचायचा आहे. त्याचं कारण आमच्या घरात घडलं.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध वगळले, तेव्हा मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. प्लेसमेंटचा हंगाम होता. त्या संध्याकाळी रूममेटला सांगितलं. तो म्हणाला, "बरं. चल, मेस बंद होईल." आजवर मला मिळालेल्या उत्तरांत हे सगळ्यात चांगल्या उत्तरांपैकी एक आहे. पुढे ताईला सांगितलं. आईला सांगायला २०२१ उजाडलं. दुसऱ्या लाटेत सगळ्यांसारखाच मीही लॅपटॉप घेऊन सांगलीला घरी आलो होतो. दुपारची वेळ होती, बाबा झोपले होते, आई मेथी निवडत बसली होती. ती रडेल, चिडेल, डॉक्टरकडे जाऊ म्हणेल, या सगळ्याची तयारी मी करून ठेवली होती. तिनं विचारलं, "अजून कोणाला माहितीये?"

मी नावं सांगितली.

"बाबांना?"

"नाही."

ती थोडा वेळ मेथीच निवडत राहिली. मग म्हणाली, "मग आता मी कोणाशी बोलू?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. कोणी करत असेल असं वाटत नाही. माझ्याकडे मित्र होते, फोनमध्ये ग्रुप होते, निकालाची पाचशे पानं होती. तिच्याकडे दोन बहिणी, एक भिशी आणि शाळेतल्या जुन्या सहकारी होत्या, आणि त्यातल्या कोणालाही हे सांगण्यासारखं नव्हतं. मी बाहेर आलो आणि ती आत गेली. त्यानंतर मी या विषयावर जे जे वाचलं, ते तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचलं.

*

मराठीतला पहिला मोठा ऐकणारा शोधायचा तर रघुनाथ धोंडो कर्व्यांपाशी थांबावं लागतं. १९२७च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि नोव्हेंबर १९५३पर्यंत, मृत्यूनंतरच थांबावं इतक्या चिकाटीनं, ते जवळजवळ एकहाती चालवलं. आपल्याला कर्वे आठवतात ते संततिनियमनासाठी. पण त्या मासिकात वाचकांची पत्रं आणि त्यांना दिलेली उत्तरं असत. ज्या गोष्टी नवरा बायकोशी बोलत नसे आणि मुलगा बापाला विचारू धजत नसे, त्या लोक कर्व्यांना लिहून विचारत. हस्तमैथुनाबद्दल विचारत, समलिंगी संबंधांबद्दलही विचारत. कर्वे त्यांना उत्तरं देत, पापपुण्याचा हिशेब न मांडता.

या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आधीच्या, १९३१च्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. या वेळी त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर आंबेडकर उभे राहिले. मासिकाचं कामच लैंगिक शंकांना उत्तरं देणं हे असेल, तर लोक विचारणार आणि संपादकानं सांगायचं. विषय लैंगिक आहे एवढ्यानं लेखन अश्लील होत नाही, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. समलिंगी आकर्षणाबद्दल त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या त्या काळच्या अभ्यासकांचा आधार घेतला. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

अजित दळवींचं 'समाजस्वास्थ्य' हे नाटक अतुल पेठ्यांनी २०१७मध्ये रंगभूमीवर आणलं. त्यामुळे हे खटले माझ्या पिढीपर्यंत पोचले. मला त्या प्रसंगात आंबेडकरांइतकंच कुतूहल वाटतं ते प्रश्न विचारणाऱ्याचं. कोण असेल तो? पोस्टकार्डावर असलं काही लिहिता येत नाही, पोस्टमन वाचतो. म्हणजे पाकीट आणलं असणार. घरातले झोपल्यावर कंदील मोठा करून लिहिलं असणार. नव्वद वर्षांपूर्वी मराठीत कोणीतरी 'मी असा आहे, हे काय आहे?' असं विचारलं, आणि शिक्षा झाली ती उत्तर देणाऱ्याला. हा इतिहास इथून सुरू होतो हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे ऐकणं हे सांगण्याइतकंच जोखमीचं काम होतं.

तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१चं. रोहिणी हट्टंगडींनी मित्राची भूमिका केली होती. गोष्ट आहे स्वातंत्र्यापूर्वीच्या पुण्यातल्या कॉलेजातली : सुमित्रा देव ऊर्फ मित्रा, आणि तिचं नमावर जडलेलं मन. मराठी रंगभूमीवरचं हे धाडस म्हणून नाटकाचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यच आहे. पण ही गोष्ट सांगतो कोण? बापू. मित्रा ज्याला सगळं सांगते तो. सुरुवातीला बापूचं स्वतःचं तिच्यावर मन असतं, मग तो तिचा एकमेव विश्वासातला माणूस होतो, तिच्यासाठी खोलीही उपलब्ध करून देतो, आणि शेवटी दमतो. मित्रा आत्महत्या करते.

नाटक पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मित्राचा राग आला होता. आम्हा लोकांच्या गोष्टी मरणावरच का संपतात, असं वाटलं होतं. आईच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचलं तेव्हा बापू दिसला. एका माणसाचं पूर्ण ओझं एकाच माणसावर पडलं की काय होतं, ते तेंडुलकरांनी बापूत दाखवलंय. बापूला कोणी नाही. त्यानं ऐकलेलं ठेवायला त्याच्याकडे जागाच नाही. माझी आई त्या दुपारी बापू झाली होती.

*

एका ऐकणाऱ्याच्या जागी अनेक ऐकणारे उभे करणं, म्हणजेच चळवळ. आपल्याकडे तिची सुरुवात टपालानं झाली.

१९८६ साली पत्रकार अशोक राव कवी यांनी 'सॅव्ही' या मासिकाला मुलाखत देऊन आपण गे असल्याचं जाहीर सांगितलं. ही घटना प्रत्येक लेखात येते. त्याच मासिकात त्यांच्या आईची, शोभा राव कवींची, मुलाखतही छापली होती, हे मात्र क्वचित येतं. देशातल्या पहिल्या गाजलेल्या कमिंग आऊटच्या वेळीच एक आई शेजारी बसून नावानिशी बोलत होती. तो काळ पाहा : कलम ३७७ जसंच्या तसं लागू, एड्सची भीती नुकती पसरू लागलेली, आणि या विषयाबद्दल छापून येणारा मजकूर बहुतेक वेळा गुन्ह्याच्या बातमीतला किंवा विनोदातला. मुलानं बोलणं हे धाडस होतंच. पण बाईंना दुसऱ्या दिवशी बाजारात जायचं होतं, नातेवाइकांकडे लग्नकार्याला जायचं होतं.

१९९०मध्ये राव कवी आणि त्यांच्या साथीदारांनी 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. मुंबईत काही पेपरवाले ते खाकी कागदात गुंडाळून विकत. अंक वाचणाऱ्याला त्यातल्या मजकुराइतकाच महत्त्वाचा असे तो पत्ता. मोबाइल नाही, घरातला फोन हॉलमध्ये, त्यामुळे पोस्टबॉक्स नंबर हीच काय ती खिडकी. त्याच सुमारास दिल्लीत गीती थडानी यांनी 'सखी' हा गट सुरू करून बायकांसाठी असाच एक टपालाचा पत्ता जाहीर केला. त्याला गावोगावच्या बायकांची पत्रं आली. मानववंशशास्त्रज्ञ नैसर्गी दवे यांनी भारतातल्या क्विअर चळवळीवरच्या २०१२च्या पुस्तकात या पत्रव्यवहाराला मोठी जागा दिली आहे. त्या बायकांना मोर्चा काढायचा नव्हता, कायदा बदलायचा नव्हता. आपल्यासारखं आणखी कोणी आहे का, एवढंच विचारायचं होतं. चॉन्सींनी सांगितलेला जुना अर्थ इथे पुन्हा भेटतो : बाहेर येणं म्हणजे कुठेतरी आत शिरणं.

पत्रांपाठोपाठ जागा आल्या. १९९४मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट उभा राहिला, १९९५मध्ये स्त्री संगम हा लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांचा गट, जो पुढे 'लेबिया' झाला. डिसेंबर १९९८मध्ये 'फायर' सिनेमावर आधी मुंबईत आणि मग दिल्लीत हल्ले झाले, चित्रपटगृहं फोडली गेली. तेव्हा दिल्लीत रीगलसमोर जो निषेध झाला, त्यात 'लेस्बियन' हा शब्द पहिल्यांदाच फलकावर, हातात धरून, रस्त्यावर आला. पुढच्या जुलैत कोलकात्यात पंधरा जणांचा 'फ्रेंडशिप वॉक' निघाला. पंधराच. माझ्या ऑफिसातल्या एका टीममध्ये त्याहून जास्त माणसं आहेत.

आणि मग २००१चं लखनौ. जुलै महिन्यात पोलिसांनी 'भरोसा ट्रस्ट' आणि 'नाझ फाउंडेशन इंटरनॅशनल' या संस्थांच्या कार्यालयांवर छापे घातले आणि चार कार्यकर्त्यांना अटक केली. ते पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करत होते : माहिती देणं, कंडोम वाटणं, लोकांच्या अडचणी ऐकून घेणं. त्यांच्यावर ३७७ लावण्यात आलं आणि दीड महिन्याहून अधिक काळ ते तुरुंगात होते. कर्व्यांच्या दंडानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, स्वतंत्र भारतात, ऐकणाऱ्यांना पुन्हा शिक्षा झाली होती. त्याच वर्षअखेर दिल्लीच्या नाझ फाउंडेशननं दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ला आव्हान देणारी याचिका दाखल केली. ज्या कायद्याची भीती घालून आरोग्याचं काम रोखलं जातं तो कायदा तपासा, असं तिचं म्हणणं होतं. भारतातली ही न्यायालयीन लढाई प्रेमाच्या हक्कापेक्षा आधी कामाच्या खोलीतून, समुपदेशनाच्या टेबलावरून सुरू झाली, हे आज विसरल्यासारखं झालंय.

*

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. 'घरी सांगितलंयस का' हा प्रश्न ज्यांना लपवता येतं त्यांचा आहे. मला येत होतं. इंजिनिअरिंगला असलेला, सुशिक्षित घरातला, चालण्याबोलण्यात कोणाला शंका न येणारा मुलगा. माझ्या कपाटाला चांगली कडी होती. ज्या मुलाची चाल पाहून पाचवीतच वर्ग हसतो, त्याच्याआधी शाळेनंच सगळ्यांना सांगून टाकलेलं असतं. हिजड्यांच्या बाबतीत तर ब्रिटिश सरकारनं १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांची नोंद ठेवण्याची तरतूद केली होती. त्यांना सक्तीनं सरकारी वहीत 'बाहेर' काढलं गेलं. त्यांनी ऐकणाऱ्यांची सोय स्वतःच केली, गुरू-चेल्याच्या नात्यात, एका घरात राहून. लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' वाचताना मला जाणवलं, की आम्ही ज्याला आधारगट म्हणतो आणि ज्यासाठी मीटिंगची लिंक पाठवतो, ते त्यांच्याकडे आमच्या कितीतरी आधीपासून होतं. आणि आमच्या चळवळीनं ते बराच काळ पाहिलंच नाही.

सक्तीनं बाहेर काढलेल्या माणसांत एक मराठी प्राध्यापकही आहेत. श्रीनिवास रामचंद्र सिरस नागपूरचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, कविता लिहायचे. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा संग्रह. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. ८ फेब्रुवारी २०१०च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. पुरुषाबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं गेलं, आणि विद्यापीठानं निलंबित केलं ते सिरसांनाच. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

तोवर दिल्ली उच्च न्यायालयाचा नाझ खटल्यातला निकाल येऊन नऊ महिने झाले होते. २ जुलै २००९. मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा, मूळचे सोलापूरचे, आणि न्यायमूर्ती मुरलीधर. म्हणजे सिरस कायद्यानं गुन्हेगार नव्हते. कायदा त्यांच्या बाजूचा होता आणि न्यायालयातही ते जिंकले होते. उत्तर प्रदेशातल्या एका विद्यापीठाच्या आवारात मराठीचा हा प्राध्यापक भाषेनंही एकटा, घरातही एकटा. त्यांच्यावर पुढे 'अलीगढ' सिनेमा निघाला. त्यात एक तरुण पत्रकार त्यांच्याशी बोलायला येतो आणि हळूहळू नुसता बसून ऐकतो. मला त्या सिनेमातली न्यायालयातली दृश्यं फारशी आठवत नाहीत. ते दोघं बसलेले आठवतात.

*

पुण्यात सिरसांच्या आधीपासून एक माणूस हे ऐकण्याचं काम मराठीतून करत होता. बिंदुमाधव खिरे. व्यवसायानं आमच्यापैकीच, अमेरिकेत सॉफ्टवेअरमधली नोकरी, तिथल्या दक्षिण आशियाई लोकांच्या 'त्रिकोण' गटाशी संबंध, मग परत येऊन २००२मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्टची स्थापना. नावच पाहा : बरोबरीनं वाट चालणारा. हेल्पलाइन चालवली, समुपदेशन केलं, आणि 'पार्टनर', 'इंद्रधनु' अशी पुस्तकं मराठीत लिहिली, कारण फोन करणाऱ्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना इंग्रजी पुस्तकांचा उपयोग नव्हता. ११ डिसेंबर २०११ला पुण्यात पहिली प्राइड निघाली ती समपथिकच्या पुढाकारानं.

मी पुण्यात आलो तेव्हा इंटरनेट होतं, ॲप होती, त्यामुळे हेल्पलाइनला फोन करायची वेळ माझ्यावर आली नाही. पण आईसाठी काही शोधायला लागलो तेव्हा कळलं की मला जे इंग्रजीत ढिगानं मिळालं होतं, त्यातलं तिच्या हातात देण्यासारखं फार थोडं होतं. 'लैंगिक कल' हा शब्द मी तिच्यासमोर खिऱ्यांच्या पुस्तकातून उचलून वापरला. तिनं विचारलं, "कल म्हणजे निवडणुकीत असतो तसा? बदलतो?" मी म्हणालो, "नाही, हा जमिनीला असतो तसा." पाणी तिकडेच जातं, हे तिला समजलं, आमचं सांगलीचं घर, पाणी कुठून कुठे जातं ते आम्हाला चांगलं माहीत आहे.

पहिल्या पुणे प्राइडला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, ११ डिसेंबर २०१३ला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला. कलम ३७७ परत आलं. समलैंगिक लोक संख्येनं अगदी थोडे आहेत, असाही एक युक्तिवाद त्या निकालात होता. संख्या मोजायची तर सांगणाऱ्यांचीच मोजणार, आणि सांगणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारा कायदाही जागेवर ठेवणार; प्रोग्रामिंगमध्ये अशा चक्राला इन्फिनिट लूप म्हणतात.

त्या खटल्यात एकोणीस पालक न्यायालयापुढे गेले होते. मीना सरन आणि इतर. त्यांच्यात मराठी वाचकांना नाटक-सिनेमामुळे माहीत असलेल्या चित्रा पालेकर होत्या. आपल्या मुलीच्या बाजूनं त्यांनी न्यायालयात आणि न्यायालयाबाहेर नावानिशी भूमिका घेतली. या पालकांचं म्हणणं साधं होतं : हा कायदा फक्त आमच्या मुलांना छळत नाही, आमच्या घराला छळतो. मूल गुन्हेगार ठरतं तेव्हा त्याला पाठीशी घालणारे आईबापही कायम धास्तीत जगतात. तोवर न्यायालयात व्यक्ती होती, समाज होता, नैतिकता होती, सार्वजनिक आरोग्य होतं. कुटुंबाचं नाव घेतलं जायचं ते विरोधी बाजूकडून, 'आपली कुटुंबसंस्था' म्हणून. या एकोणीस जणांनी तो शब्द परत आणला. ते हरले. २०१८मध्ये नवतेज जोहर आणि इतरांच्या याचिकांवर निकाल आला, त्यांतली एक याचिका वेगवेगळ्या आयआयटींमधल्या वीस आजी-माजी विद्यार्थ्यांची होती. मला तिचं अप्रूप आहे, कारण ती माझ्यासारख्यांची होती. पण आईला दाखवायला मी छापून घेतली ती एकोणीस पालकांची बातमी.

तिनं ती दोनदा वाचली. मग विचारलं, "या बायकांचा फोन नंबर मिळतो का?"

नंबर त्यांचा मिळाला नाही, पण मुंबईत 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट आहे, तिथवर आम्ही पोचलो. पहिल्या काही ऑनलाइन बैठकांना तिनं कॅमेरा बंद ठेवला आणि नाव म्हणून माझ्या आजोळचं आडनाव टाकलं. ती फक्त ऐकायची. चौथ्या की पाचव्या वेळी एका बाईंनी सांगितलं की मुलाचं कळल्यापासून त्यांनी हळदीकुंकवाला जाणंच सोडलंय, तेव्हा आईनं माइक सुरू केला आणि म्हणाली, "मी पण." एवढंच. आता ती दर महिन्याला त्यातल्या दोघींशी बोलते. बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते कधी आणि कसं, हे ती ठरवणार आहे, आणि मी ते तिच्यावर सोडलंय. मावशी दिवाळीत स्थळांचा विषय काढते तेव्हा आई म्हणते, "त्याचं तो बघेल." हे खोटं नाही, आणि पूर्ण खरंही नाही. १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालानं विवाहाचा हक्क नाकारला, त्यामुळे मी काय 'बघणार' हेही तूर्त माझ्या हातात नाही. त्या दिवशी आईनं मला कामाच्या वेळेत फोन केला होता. तिला बातमी माझ्याआधी कळली होती. तिच्या ग्रुपवर आली होती.

*

कॉलेजच्या एका अनौपचारिक गटात माझा नंबर आहे. ज्युनिअर मुलामुलींना कोणाशी बोलायचं असेल तर, म्हणून. महिन्याला एखादा फोन येतो, बहुतेक वेळा रात्री अकरानंतर, हॉस्टेलच्या गच्चीवरून असावा, कारण वारा ऐकू येतो. बहुतेकांची सुरुवात ठरलेली : "दादा, प्लेसमेंटबद्दल थोडं विचारायचं होतं." मग मी प्लेसमेंटबद्दल सांगतो. कुठली कंपनी काय विचारते, रिझ्युमेत काय घालू नये. दहा मिनिटं, कधी वीस. एका मुलानं तर सगळा अल्गोरिदमचा अभ्यासक्रम विचारून घेतला आणि थँक्यू म्हणून फोन ठेवला. तीन आठवड्यांनी पुन्हा केला.

कर्व्यांच्या वाचकानंही बहुधा असंच केलं असेल. आधी प्रकृतीची दुसरीच एखादी तक्रार लिहिली असेल, आणि पत्राच्या शेवटी, ता. क. म्हणून, खरं काय ते. मी घाई करत नाही. प्लेसमेंटचे प्रश्न संपेपर्यंत फोन चालू ठेवतो.